वरचा माया

आकडा एकेचाळीसवर होता आणि पेटीतले दोन्ही दिवे जळत होते. अंडी उबवायच्या पेटीत अडतीसच्या वर जाऊन चालत नाही. काचेला हात लावला तर पोळला. एकोणिसावा दिवस होता. एकविसाव्याला पिल्लं बाहेर येतात. आणखी थोडा वेळ कुणी बघितलं नसतं तर सत्तावीसच्या सत्तावीस अंडी आतल्या आत उकडली असती. मी दिव्यांची पिन भिंतीतून उपसली आणि झाकणाला हात घातला.

"आई, झाकण उघडू नका!" सून मागून ओरडली. ती कामाच्या टेबलावरून उठून, कानातला हेडफोन काढत धावत आली होती.

"आत पिल्लं शिजताहेत आणि उघडू नको म्हणतेस?"

"आतला ओलावा गेला तर पिल्लू कवचाला चिकटतं. पंखा चालू आहे ना? मग आकडा उतरेल. बघत राहा."

बघत राहिलो दोघी. आकडा मुंगीच्या पावलानं उतरत होता. अडतीसला आला तेव्हा तिनं विचारलं, "लाइट किती वेळ गेली होती?"

"वीस मिनिटं. इन्व्हर्टरही मेला होता. बॅटरीत पाणी घालायचं मी विसरले."

"आणि येऊन किती वेळ झाला?"

"अर्धा तास. मी मेथी निवडत होते. मोबाइलवर काही आलं नाही म्हणून उठले."

पेटीचा आकडा दर पंधरा मिनिटांनी माझ्या मोबाइलवर यायचा. लाइट गेल्यापासून आला नव्हता. तो आला की वाचण्यापुरता मी चष्मा लावायची, म्हणून न आल्याचं लवकर ध्यानात आलं नाही. ही चूक माझी. बॅटरीची पहिली, ही दुसरी. तिसरी मोठी होती, ती नंतर सापडली.

पेटी का करावी लागली ते सांगते. माझ्या कोंबड्या दोंडाईच्याजवळच्या माझ्या माहेरच्या. लग्न झाल्यावर दोन कोंबड्या आणि एक कोंबडा टोपलीत घालून आणले होते, त्यांचीच पुढची पिढी. आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहायला आलो तेव्हा टोपलीही आली. मी कोंबडीवर जीव लावणारी बाई नाही. पाहुणा आला की कापते, आणि मीच कापते. पण ह्या कोंबड्या अंड्यांवर बसतात, पिल्लं स्वतः वाढवतात, घार आली की एका आवाजात सगळी पिल्लं पोटाखाली घेतात आणि खानदेशचा उन्हाळा काढतात. बाजारात मिळते ती कोंबडी अंडं घालून निघून जाते. तिला बसायचं असतं हेच माहीत नाही.

फाल्गुनात एका पहाटे मेहरूणच्या तलावाकडची मोकाट कुत्री आली. त्यांनी खुराड्याची जाळी फाडली. अकरा कोंबड्या आणि कोंबडा, एकही ठेवला नाही. राहिली ती गव्हाच्या डब्यात ठेवलेली चौतीस अंडी. त्यांवर बसायला कोंबडी नव्हती. मुलगा धुळ्याला नोकरीला आहे, शनिवारी येतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "आई, अंडी बाजारात मिळतात."

"आईसुद्धा मिळते का बघ. मिळाली तर ती आण," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

सून ऐकत होती. ती पुण्याच्या एका कंपनीचं कंप्युटरचं काम घरून करते. तिच्या माहेरी अंडं चालत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, आमच्याकडे अंड्याची भाजी असली की ती आपलं ताट घेऊन पुढच्या खोलीत जाते. ती म्हणाली, "मी पेटी करते. कोंबडीला जे येतं ते आकड्यांत मांडता येतं. ऊब, ओलावा आणि वळवणं, एवढंच आहे."

मला हसू आलं. एवढंच म्हणे.

शेजारी सुतारकाम करणारे चाचा आहेत. त्यांनी प्लायवूडची पेटी करून दिली, आतून थर्माकोल, वर काच. जाताना म्हणाले, "अक्का, पेटी झाली मस्त. पण मशीनचा भरवसा धरू नका. बंद पडली तर तुम्हीच बसा वर."

"मी बसले तर तुमची पेटी मोडेल," मी म्हणाले.

सुनेनं पेटीत पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा कंप्युटर बसवला. तो आतली ऊब मोजायचा. पण दिवे कधी लावायचे आणि कधी विझवायचे हे तो स्वतः ठरवत नव्हता. ते ठरवायचा घरातला जुना कंप्युटर. तिनं तो टाकून न देता त्यात लिनक्स घातलं होतं आणि माळ्यावर, पापडांच्या डब्यांशेजारी ठेवला होता. छोटा मोजून वर सांगायचा, वरचा हुकूम द्यायचा. मोबाइलवर आकडा पाठवायचा तोही वरचाच. ती पेटीतली अंडी पहिले दोन दिवस फडक्यात धरून वळवत होती. तिसऱ्या दिवसापासून हातानं वळवू लागली. सातव्या दिवशी मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरून बघितलं, सात पोकळ निघाली. सत्तावीस राहिली. त्यांत नसा दिसत होत्या.

तर आता एकोणिसाव्या दिवशी तिनं मला स्टुलावर बसवलं, हातात दिव्यांची पिन दिली. "साडेसदतीसच्या खाली गेलं की लावा. अडतीसला काढा. तोवर मी बघते काय झालंय."

"तोवर म्हणजे?"

"माहीत नाही."

हे मला आवडलं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. डॉक्टर म्हणत नाहीत, ग्रामसेवक म्हणत नाही, माझा नवरा तर जन्मात कधी म्हणाला नाही.

मी म्हणाले, "बठ्ठं बंद कर आणि सगळं परत चालू कर. टीव्हीला तसंच करतो आपण."

"नाही. लाइट गेली तेव्हा तसंच तर झालं. आत्ता चूक समोर बसली आहे, तिला हलवायचं नाही."

मग तिनं जुनी वही काढली आणि एकेक गोष्ट करून लिहायला लागली. मी बघितलंय, बिघाड झाला की माणसं चार ठिकाणी हात घालतात आणि मग कशानं बिघडलं आणि कशानं नीट झालं हे त्यांनाही कळत नाही. ही एका वेळी एकच प्रश्न विचारायची. इंटरनेट आहे का? आहे. वरचा कंप्युटर जिवंत आहे का? घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. तिनं वरच्याला नंबरनं हाक मारली, त्यानं ओ दिली. नावानं हाक मारली, तरी ओ दिली.

तिनं लिहिलं: माळा बरोबर. मग विचार करत बसली.

तिनं घरातल्या यंत्रांना नावं दिली होती. कंप्युटर माळ्यावर म्हणून त्याचं नाव माळा. पेटीतला छोटा तो खुराडा. ती इंग्रजी अक्षरांत लिहायची, पण नावं आपली. मी विचारलं होतं, नंबर असताना नाव कशाला? तर म्हणाली, नंबर बदलतात, नाव राहतं. नाव सांगितलं की नंबर सांगणारा कुणीतरी एक घरात असला की झालं. तो भिंतीवरचा राउटर. त्या कामाला डीएनएस म्हणतात. मला एवढंच कळलं की राउटरकडे यादी आहे.

मी पिन लावत होते, काढत होते. दोन तास झाले. हात दुखत नव्हता, डोळे दुखत होते. दिवसभर बसले असते. रात्री मी नऊला आडवी होते, आणि सत्तरी उलटलेल्या बाईला तीन दिवस असं बसवून कुणाचीही पिल्लं निघत नाहीत. मुलाचा फोन आला. सुनेनं स्पीकरवर टाकला.

"काय चाललंय?"

"आई कोंबडी झाल्यात," ती म्हणाली.

"मग अंड्यांवरून उठवू नको, चोच मारेल."

"शनिवारी ये, मारते," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि तिथूनच म्हणाली, "मी मूर्ख आहे."

"का गं?"

"मी विचारलंच नाही कुणाला."

ती येऊन मला सांगू लागली. मला सांगितलं की तिला स्वतःला कळतं, म्हणून ती सांगते, मी ऐकते. तिच्या स्वतःच्या कंप्युटरमध्ये एक चिठ्ठी होती. सुरुवातीला पेटी जुळवताना तिनं त्या चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं: माळा म्हणजे अमुक नंबर. त्यामुळे तिच्या कंप्युटरनं राउटरला विचारलंच नाही, चिठ्ठी बघून सरळ वर हाक मारली. म्हणून तिला सगळं बरोबर दिसत होतं. पेटीतल्या छोट्याकडे ती चिठ्ठी नव्हती. त्याला विचारावं लागत होतं.

"म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं, म्हणून तुला अडलं नाही," मी म्हणाले.

"हो."

"आणि ज्याला ठाऊक नाही त्याचं काय होतं ते तू बघितलंच नाहीस."

"हो, आई. दोन तास."

तिनं वहीत आधीचं 'बरोबर' खोडलं आणि शेजारी स्वतःबद्दल एक शब्द लिहिला, तो इथे देत नाही. मग कीबोर्ड आणि टीव्हीची वायर ओढत आणली, पेटीतल्या छोट्याला टीव्ही जोडला आणि जमिनीवर बसून त्याच्या बाजूनं हाक मारली. माळा.

काळ्या पडद्यावर एक ओळ आली. मी विचारलं काय लिहिलंय. ती म्हणाली, "या नावाचं इथे कुणी नाही."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. लग्नात तांदळात माझं नाव बदललं. माझ्या भावाला ते ध्यानात राहिलं नाही, त्यानं पत्र जुन्या नावावर टाकलं. माझ्या सासऱ्यांनी पोस्टमनला सांगितलं, ह्या नावाचं इथे कुणी नाही, आणि पत्र परत गेलं. आई आजारी असल्याचं पत्र होतं. ती गेल्याचं मला बारा दिवसांनी कळलं. सासऱ्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. त्यांना खरंच ते नाव माहीत नव्हतं. ही सून घरात आली तेव्हा मी नवं नाव ठरवून ठेवलं होतं. तिनं मांडवात सांगितलं, नाव बदलणार नाही. मी महिनाभर तिच्याशी नीट बोलले नाही. आता वाटतं, तिचं बरोबर होतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

"लावा, आई, लावा! सदतीस झालं," ती म्हणाली. मी पिन लावली.

"मग नाव सोड. नंबर घाल आणि मोकळी हो," मी म्हणाले.

"आत्ता घालते." तिनं छोट्याला सरळ नंबर लिहून दिला. वरून हुकूम येऊ लागला, आकडा चढला तसे दिवे आपले आपण विझले. पिन भिंतीतच होती, माझा हात तिच्यावर नुसताच राहिला होता. तिनं माझा हात बाजूला केला आणि ती पक्की बसवली. मला वाटलं, संपलं. मी उठायला लागले.

"बसा ना," ती म्हणाली. "राउटरनं उद्या नंबर बदलला तर परत हेच होईल, आणि तेव्हा पिल्लं अर्धी बाहेर असतील. कालपर्यंत नाव सापडत होतं. आज का नाही?"

"कालपर्यंत छोट्याला नंबर पाठ असेल," मी म्हणाले. "आज लाइट गेली, विसरला. आता विचारतोय तर कुणी सांगत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी रोज विसरते."

बरोबर निघालं. म्हणजे यादी आधीच बिघडलेली होती आणि ते कुणाला कळलं नव्हतं. तिनं राउटरची सगळी यादी टीव्हीवर आणली आणि मोठ्यानं वाचू लागली. तिचा कंप्युटर. माझा मोबाइल. तिचा मोबाइल. खुराडा. टीव्ही. मग थांबली.

"आई, ही माया कोण?"

"कोण म्हणजे? वरचा माया."

"वरचा?"

"वर बसलाय तो. पापडांशेजारी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. "आई, माळा म्हणा."

"माया."

"माळा. ळ."

"तेच म्हणते मी. माया."

आमच्या बोलीत ळ नाही. आम्ही डोळ्याला डोया म्हणतो, शाळेला शाया, आणि जळगावला जयगाव. मी चौथीपर्यंत शाळेत ळ लिहिला, वाचला, आजही लिहिते. पण जीभ तिकडे वळत नाही, आणि बोलताना मी ळच म्हणते असं मला आजवर वाटत आलं.

मग मला आठवलं आणि मी सांगून टाकलं. तेराव्या दिवशी, ती चार दिवस धुळ्याला गेली होती आणि अंडी मी वळवत होते तेव्हा, राउटर जळाला. विजेचा झटका आला असेल. मी फोन केला, तसाच दिसणारा नवा राउटर बसवायला माणूस आला. बाहेरचा होता, भला होता, चपला दाराबाहेर काढून आला. जुन्या राउटरवर सुनेनं चिकटवलेल्या कागदावरचे नंबर त्यानं जसेच्या तसे नव्यात घातले. कागदावर नंबर होते, नावं नव्हती. त्यानं विचारलं, "आजी, हा जो कंप्युटर कायम चालू असतो, त्याला नाव आहे का काही?"

मी म्हणाले, "शे ना. माया."

"माया? छान. सुनबाईंचं नाव का?"

"सुनेचं नही. वर शे तो."

त्यानं वर बघितलं, देवाकडे बघावं तसं, आणि आणखी काही विचारलं नाही. पेटीतल्या छोट्याचं नाव विचारलं तर मी खुराडा सांगितलं, त्यात ळ नव्हता. दुपारी सुनेचा फोन आला, सगळं ठीक का? मी म्हणाले बठ्ठं ठीक. मोबाइलवर आकडा येत होता, मी तरी काय सांगणार. छोट्याला जुना नंबर पाठ होता म्हणून सहा दिवस निभावलं. लाइट गेली, तो कोरा झाला, दिवे लावून माळ्याचा हुकूम मागत बसला. माळा नावाचं घरात कुणी नव्हतं. माया होता, पण त्याला कुणी विचारलं नाही.

सून जमिनीवर बसून हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला राग आला. मी म्हणाले, "माझ्यामुळे सत्तावीस जीव जात होते आणि तुला हसू येतंय."

"तुमच्यामुळे नाही. नाव मी दिलं. ह्या घरात राहून ळचं नाव दिलं. खोक्याला ठेवायचं नाव असं पाहिजे की घरातल्या प्रत्येकाला म्हणता येईल."

मला वाटलं आता ती माया पुसून माळा लिहील. तिनं पुसलं नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली. मी विचारलं हे काय? ती म्हणाली, "आता दोन्ही नावांना ओ देईल. माळा म्हणा, माया म्हणा, एकच."

"असं चालतं?"

"चालतं. यंत्राला दोन नावं चालतात."

पुढच्या तासाभरात तिनं आणखी तीन कामं केली. पेटीतल्या छोट्याला शिकवलं की वरून हुकूम आला नाही तर दिवे चालू ठेवून वाट बघायची नाही, स्वतःच्या अकलेनं चालवायचं. वरच्याला शिकवलं की खालून काही ऐकू आलं नाही तर गप्प बसायचं नाही, मोबाइलवर बोंब मारायची. आणि स्वतःच्या कंप्युटरमधली ती चिठ्ठी फाडली. "आता मलाही सगळ्यांसारखं विचारावं लागेल," ती म्हणाली. मग लाइट मुद्दाम बंद केली, परत लावली आणि आम्ही दोघी आकड्यासमोर बसलो. सदतीस पॉइंट सहा. सदतीस पॉइंट आठ. दिवे विझले. मोबाइल वाजला. तिनं वहीत लिहिलं आणि वही मिटली. मग तिनं इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. ते काम माझं होतं.

मी तिला म्हणाले, "तू हुशार आहेस."

"आज कळलं?"

"आधीच कळलं होतं. आज कामाला आलं."

संध्याकाळी चाचा विचारायला आले. सुनेनं त्यांना सगळं सांगितलं, ळसकट. ते म्हणाले, "अक्का, म्हणजे मशीन नीट होती, तुम्हीच बिघडल्या होत्या?"

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

विसाव्या दिवशी संध्याकाळी पहिल्या अंड्याला चीर गेली. अंडं न खाणारी माझी सून पेटीच्या काचेला नाक लावून बसली होती. दोन दिवस तिनं झाकण उघडू दिलं नाही, मी हात पुढे केला की मनगट धरायची. मी आयुष्यात शेकडो पिल्लं निघताना बघितली आहेत, पण कोंबडीच्या पोटाखाली. कवचातून चोच कशी फिरते ते मी पहिल्यांदा काचेतून बघितलं.

सत्तावीस अंड्यांतून एकोणीस पिल्लं निघाली. तीन पहिल्या आठवड्यात गेली. सोळा जगली. त्यांतले पाच कोंबडे आहेत, अकरा कोंबड्या.